धाकटीचा डावा पंख

४ एप्रिल

वही हिने आणून दिली. म्हणाली, "तुमचं जे काही आत धुमसतंय ते ह्यात लिहून काढा. तुम्ही बोलायला लागलात की शेजारचे जेवायचे थांबतात." मी काही ओरडत नाही. बत्तीस वर्षं इंजिनांशेजारी उभं राहून बोललेल्या माणसाचा आवाज असाच असणार.

तर लिहितो. आमच्या फ्लाइंग क्लबच्या हँगरच्या तुळया गंजल्या, छत धोक्याचं ठरलं, आणि तिन्ही विमानं बाहेर काढावी लागली. नवं छत व्हायला वर्ष. तोवर ऊन, पाऊस, थंडी, सगळं त्यांनी उघड्या मैदानात काढायचं. पत्र्याची विमानं असती तर मी एवढा विचार केला नसता. ही कॉम्पोझिटची. काचेच्या धाग्याचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकात, भिजवून थर चढवतात, दोन बाजूंच्या थरांमध्ये फोम, झाला पंख. हलकी, पांढरीशुभ्र, दोन माणसांपुरती. आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो.

इथवर ठीक. पण दादाने ह्यासाठी एक नवा माणूस आणलाय. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ आणि वर्कशॉपचा मुख्य. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, माझ्या हातात पाना त्याने दिला. पुढच्या मार्चअखेर तो निवृत्त होतोय. त्याच्यानंतर वर्कशॉपच्या चाव्या माझ्याकडे, हे न बोलता ठरलेलं आहे. निदान माझ्या तरी मनात ठरलेलं आहे. आणि आता हा माणूस. वीस वर्षं फायबरच्या होड्या बनवत होता म्हणे. विमानाला होडीवाला कशाला हवा? मला विचारलं तरी होतं का?

८ एप्रिल

होडीवाला आला. चाळिशीचा, बारीक, कोपरापर्यंत रेझिनचे डाग. बोलतो कसा, तर शर्टाच्या बटणाशी. दादाला मात्र सगळं समजतं, दोघं माना डोलवत असतात. मी जवळ गेलो की बोलणं थांबतं.

दुपारी दोन वाजता त्याने थोरलीच्या पंखावर थर्मामीटर लावला. पांढऱ्या रंगावर एकावन्न. लाल पट्ट्यावर बहात्तर. दादाने मला बोलावून दाखवलं, शाळेतल्या पोराला दाखवतात तसं. रेझिन उन्हात मऊ पडतं, मऊ असताना पंखावर भार आला तर पंखाचा आकार बिघडतो आणि मग तसाच राहतो. म्हणून पट्टे पांढरे करायचे आणि पंख हाताला गार लागेपर्यंत विमान उडवायचं नाही.

ते लाल पट्टे मी ओढले होते. सहा वर्षांपूर्वी, तीन दिवस टेप लावून, एक थेंब इकडचा तिकडे न जाऊ देता. तेव्हा दादा म्हणाला होता, "काय हात आहे तुझा!" आज म्हणाला, "पुसून टाक."

टाकले पुसून.

१७ एप्रिल

चहाचा थर्मास आम्हा दोघांचा. तीस वर्षं दादा झाकणात पितो आणि मी पेल्यात. आज पाहतो तर तिसरा पेला. निळा, कानतुटका. त्याच्यासाठी दादाने घरून आणलेला. वहिनीच्या फडताळातला आहे तो, मी ओळखतो.

एवढ्याशा गोष्टीने माझ्या पोटात दुखलं. लिहायला लाज वाटते, पण दुखलं.

२६ एप्रिल

वाटणी झाली. दादा म्हणाला, थोरली आणि मधली होडीवाल्याने बघायच्या, धाकटी माझ्याकडे. दोन त्याच्याकडे, एक माझ्याकडे! वर म्हणतो, "तुझ्यावर जास्त भार नको." माझ्यावर भार कधीपासून जास्त व्हायला लागला? त्याचा स्वतःचा गुडघा गेलाय, पंखाखाली वाकताना दात आवळतो, तेव्हा मीच पुढे होतो ना?

असू दे. धाकटी अशी ठेवीन की ह्या दोघांच्या डोळ्यांत भरली पाहिजे.

होडीवाला आपल्या दोघींसाठी पांढऱ्या कापडाची खोळ शिवतोय, होड्यांवर घालतात तसल्या कापडाची. खालून हवा खेळली पाहिजे म्हणे. मी भांडारातून जुनी हिरवी ताडपत्री काढली, ही एवढी जाड. दादा बघून म्हणाला, "गडद रंगाखाली पंख भाजेल रे." मी म्हटलं, वर पांढरं कापड टाकतो. तो काही तरी पुटपुटला आणि निघून गेला. हल्ली तोही पुटपुटायला लागलाय. संगत.

६ मे

आज मात्र हद्द झाली.

कॉम्पोझिट तपासायची आमची पद्धत साधी आहे. नाणं घ्यायचं आणि पंखावर बोटाबोटाच्या अंतराने ठोकत जायचं. थर घट्ट असतील तर टण वाजतं. थर फोमपासून सुटला असेल तर थप्प. कानाचं काम आहे, यंत्र लागत नाही. आमच्याकडे ह्या कामाचं एक खास नाणं आहे, केव्हाच चलनातून गेलेलं, जाड, कडा झिजलेली. दादाला त्याच्या उस्तादांनी दिलं होतं. गेली सहा वर्षं ते माझ्या खिशात होतं. दर शुक्रवारी तिन्ही विमानं मी ठोकत होतो.

आज सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "ते नाणं ह्याला दे."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू धाकटीला दुसऱ्या कुठल्याही नाण्याने ठोक. नाण्यात काय आहे?"

नाण्यात काही नाही तर मग त्याला कशाला? हा प्रश्न मला घरी आल्यावर सुचला. तिथे फक्त तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी नाणं काढून दिलं. होडीवाल्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि बघत राहिला. अवघडल्यासारखं करत होता. नाटकी माणूस.

७ मे

हिला सांगितलं. म्हणाली, "भाऊजींनी काही तरी विचार केला असेल." हिचे भाऊजी म्हणजे देवमाणूस! मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूने आहेस? ती म्हणाली, "टीव्ही जरा बारीक करा, मग सांगते." केला बारीक. मग काहीच सांगितलं नाही.

१६ मे

धाकटी एकदम ठीक. बसायच्या जागेवरच्या काचेच्या टोपावर मी पांढरी चादर दुहेरी टाकतो, नाहीतर आत भट्टी होते. विमान वाऱ्याने हलू नये म्हणून जमिनीला बांधलेल्या दोऱ्या रोज बघतो. आज शुक्रवार, पूर्ण ठोकून काढली. सगळीकडे एकसारखा आवाज. एकसारखा म्हणजे ठणठणीत.

यंदा अंगणात रातकिडे नाहीत. उन्हाने मेले असतील. हिला म्हटलं तर ही नुसती बघत राहिली.

२३ जून

आठवडाभर पाऊस. पंखांच्या खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, आत पाणी गेलं तर निघून जायला. त्यांत कुंभारमाश्या मातीची घरं करतात. होडीवाला दर सोमवारी पंखाखाली उताणा पडून तारेने ती भोकं साफ करत बसतो. आज तो माझ्याकडे आला. अगदी तोंडासमोर उभा राहून, मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाला, "धाकटीची भोकं बघत जा. मी साफ करून देऊ का?"

मी काय लहान मूल आहे? मी म्हटलं, "माझं मी बघेन."

आणि बघितलं. पांढरी टेप कापली आणि भोकं बंद करून टाकली. माशीच आत जाणार नाही, मग तारा घालत बसायचा प्रश्नच नाही. टेप अशी बसली की दिसतसुद्धा नाही. वर ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधली आहे, पाणी जाईल कुठून? हा उताणा पडून चिखलात लोळतो आणि मी पाच मिनिटांत मोकळा. सांगणार कोणाला नाही. नाहीतर उद्या तोही लावेल, आणि दादा म्हणेल, "काय डोकं आहे ह्याचं!"

२ ऑगस्ट

क्लबचा फोन बिघडलाय. वाजतच नाही. तक्रार केली तर ऑफिसमधली बाई म्हणाली, सकाळपासून अकरा वेळा वाजला. ह्या बाईलाही होडीवाल्याने पढवलं असेल, काही सांगता येत नाही.

१४ सप्टेंबर

आज दादा धाकटीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "छान ठेवलीयेस." दोनच शब्द. घरी येईपर्यंत मी जमिनीवर नव्हतो. हिला सांगितलं, ही हसली. मग मी म्हटलं, त्या होडीवाल्याला म्हणाला का असं कधी? तर ही म्हणाली, "झालं, पुन्हा तिथेच."

ताडपत्री काढली की आतून ओली असते. घाम धरते. पुसून घेतो.

३० ऑक्टोबर

सकाळी लवकर पोचलो. बघतो तर दादा काठी टेकत धाकटीपाशी उभा आणि होडीवाला तिच्या पंखाखालून बाहेर येतोय. माझ्या धाकटीच्या! मला बघून दोघं गडबडले. दादा म्हणाला, "चाक बघत होतो." पंखाखाली कसलं चाक?

आता समजलं. माझ्या चुका शोधतायत. सापडली एखादी की मार्चमध्ये चाव्या कोणाला हे सांगायला मोकळे. माझा भाऊ. ज्याच्या ताटात मी जेवलो तो.

२१ नोव्हेंबर

मी नाणं घेतलं.

चोरी नाही ही. माझंच होतं. होडीवाल्याचा कोट खुंटीला टांगला होता, तो हात धुवायला गेला होता. वरच्या खिशात रुमालात गुंडाळून ठेवलेलं. रुमालात! माझ्याकडे होतं तेव्हा ते पान्यांबरोबर असायचं.

दुपारभर तो शोधत होता. टेबलांखाली, गवतात, केराच्या डब्यात. दादाला सांगताना रडायच्या घाईला आला होता. दादाने मला विचारलं, "तू पाहिलंस?" मी म्हटलं, "मला काय माहीत. रुमालात ठेवायला सांगितलं असेल कोणीतरी." बोलून गेल्यावर जीभ चावली. दादा माझ्याकडे फार वेळ बघत होता.

आता तो स्टीलच्या चमच्याने ठोकतो.

१८ डिसेंबर

थंडी पडली. सकाळी ताडपत्री पत्र्यासारखी कडक होते, बोटं फुटतात सोडवताना. होडीवाला सगळ्यांना सांगत फिरतोय की थंडीत हे जास्त जपायला हवं, रंगाला बारीक चिरा जातात, आत ओल असेल तर गोठून फुगते. मधलीवर उन्हाळ्यात गेलेली एक केसाएवढी चीर होती, ती त्याने गेल्याच महिन्यात भरून घेतली. दादाने खुर्ची टाकून बसून बघितलं. दोन तास. माझं काम बघायला तो शेवटचा केव्हा बसला होता?

९ जानेवारी

दोन दिवस मैदान पांढरं होतंय. काल तर बादलीतलं पाणी गोठलं. आज शुक्रवार. धाकटी पूर्ण ठोकली, जुन्या नाण्याने, कोणी नाही बघून. डावा पंख, उजवा पंख, शेपूट. सगळीकडे एकसारखा आवाज. रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली. उद्या सकाळी प्रशिक्षक एका विद्यार्थ्याला घेऊन धाकटीत जाणार आहेत, तीव्र वळणं शिकवायला.

१० जानेवारी

आज अक्षर कसंही येईल.

सकाळी सातला पोचलो. धाकटीची ताडपत्री निघालेली. होडीवाला गुडघ्यांवर बसून डाव्या पंखाला चमच्याने ठोकतोय आणि दादा शेजारी उभा. पंखाच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने गोल काढलेला, जेवायच्या ताटाएवढा.

मी म्हटलं, "दादा, तो माझं विमान का ठोकतोय?"

"मी सांगितलं म्हणून."

"काल मी सही केलीये त्यावर!"

"माहितीये मला."

"मग?"

दादाने होडीवाल्याच्या हातातून चमचा घेतला. वाकता येईना, तरी पंखाला धरून वाकला. गोलाच्या बाहेर ठोकलं. म्हणाला, "हे ऐक." मग गोलाच्या आत ठोकलं. "आता हे."

मी म्हटलं, "सारखंच आहे."

"नीट ऐक." पुन्हा ठोकलं. आत, बाहेर, आत.

"सारखंच आहे! तुम्ही मला वेड्यात काढताय का? काय फरक आहे ह्यात? ह्या माणसाने गोल काढला की पंख खराब आणि मी सही केली की शून्य?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. होडीवाल्याने मान खाली घातली. खोटं पकडलं गेलं की माणूस असाच गप्प होतो.

मी बोलायचं ते सगळं बोललो. निळ्या पेल्यापासून सुरुवात केली. लाल पट्ट्यांचा विषय काढला, नाण्याचा काढला, चाव्यांचा काढला. म्हटलं, तुला भाऊ नको झालाय, नोकर हवाय होय म्हणणारा. पलीकडे प्रशिक्षक आणि विद्यार्थी हेल्मेटं हातात घेऊन उभे होते, ऑफिसमधली बाई दारात आली होती. शेवटी दादा फक्त म्हणाला, "विमान उडणार नाही." आणि काठी टेकत आत गेला.

मी घरी निघून आलो. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा असा अर्ध्यातून.

१२ जानेवारी

आज गेलो. ठरवून गेलो की पंख फोडून दाखवा म्हणायचं, आणि आत काही निघालं नाही की ह्या होडीवाल्याचं काय करायचं ते बघतो.

तो तयारच होता. ड्रिल माझ्यापुढे धरून, तोंडासमोर उभं राहून, सावकाश म्हणाला, "विमान तुमचं आहे. भोक तुम्ही पाडा."

पाडलं. खालच्या थरातून, गोलाच्या बरोबर मध्ये, बोटभर आत. आधी काहीच नाही. मी दादाकडे बघणार, एवढ्यात ड्रिलच्या टोकावरून एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक धार लागली, आणि धारेबरोबर बर्फाचे कण. होडीवाला पंखाखाली उताणा झाला, नखाने काही तरी खरवडलं आणि माझी पांढरी टेप सोलून हातात घेतली. तिथूनही पाणी. पाव बादली भरली.

सहा महिने ताडपत्रीचा घाम, पावसाची ओल आणि बाहेर जायला वाट नाही. फोममध्ये मुरलं, दोन दिवस गोठलं, फुगलं आणि थर सुटला.

त्याने टेप बघितली. माझ्याकडे बघितलं. मग ती चुरगळून खिशात टाकली. दादा पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसली नाही. मला वाटलं होतं तो उंच धरून दाखवेल. मी असतो तर दाखवली असती.

दोघं बादली ओतायला गेले आणि मी एकटाच उरलो. अंगठ्याने गोलात दाबलं. थर आत जातो, सोडला की वर येतो. अंगठ्याला समजतंय. डोळ्यांना दिसतंय. खिशातून जुनं नाणं काढलं आणि ठोकलं. गोलाच्या आत. गोलाच्या बाहेर. परत आत. कान पंखाला टेकवून ठोकलं.

एकसारखं. सगळीकडे तेच, कापडावर ठोकल्यासारखं.

मग मी थोरलीकडे गेलो आणि तिला ठोकलं. तेच. मधलीला ठोकलं. तेच. टण असा आवाज मी शेवटचा केव्हा ऐकला ते आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवेना.

प्रशिक्षक आणि तो विद्यार्थी. मुलगी आहे ती, वीस वर्षांची. परवा हेल्मेट हातात घेऊन उभी होती.

१३ जानेवारी

रजिस्टर काढून बसलो. माझ्या सह्या बघत होतो, दर शुक्रवारच्या. प्रत्येक सहीच्या खाली, अगदी कोपऱ्यात, पेन्सिलीची एक बारीक खूण. कधी पाहिलीच नव्हती. मागे मागे गेलो. होडीवाला आला त्याच्या आधीपासून आहे. गेल्या वर्षी आहे. त्याच्या मागच्या वर्षी आहे. दादाची बरोबरची खूण मी ओळखतो, लहानपणी माझ्या गणितांवर हीच करायचा, शेपटी वर वळलेली.

म्हणजे दर शनिवारी सकाळी, मी यायच्या आधी, तो येऊन तिन्ही विमानं पुन्हा ठोकत होता. पंखाखाली वाकून. त्या गुडघ्याने. आणि गुडघा पूर्ण गेला तेव्हा त्याने वाकू शकणारा माणूस शोधला.

संध्याकाळी हिला विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

हिने आधी टीव्ही बंद केला. मग समोर येऊन बसली. सगळे हल्ली माझ्या समोर येऊन बोलतात, ते का हे आता समजलं. म्हणाली, "तीन वर्षं. भाऊजी म्हणाले होते, तो स्वतः म्हणेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. कान गेला म्हणून कोणी त्याचं काम काढून घ्यायला नको."

"आणि रातकिडे?"

"आहेत," ती म्हणाली. "भरपूर आहेत."

१६ जानेवारी

दादाच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं आणि आत निघून गेली. दादा पाय स्टुलावर ठेवून बसला होता. वाटेत बरंच काही जुळवलं होतं, तिथे एवढंच आलं, "मला ऐकू येत नाही, दादा."

"हो," तो म्हणाला.

"भोकांवर टेप मी लावली होती."

हे त्याला माहीत नव्हतं. चेहराच सांगत होता. होडीवाल्याने खरंच सांगितलं नव्हतं. मग दादा जो सुटला! गाढव म्हणाला, अकलेचा कांदा म्हणाला, दोन जीव गेले असते म्हणाला. एकही शब्द पुटपुटला नाही, सगळे नीट ऐकू आले. मी खाली मान घालून ऐकले. अकरा वर्षांचा असताना ऐकायचो तसे.

रागावून दमला तेव्हा मी विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस? तीन वर्षं?"

"माझंही चुकलं," तो म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून दुसऱ्यांचा जीव टांगणीला ठेवला मी. रोज ठरवायचो, आज सांगू. आणि तू समोर आलास की नाणं वाजवत यायचास, खुशीत."

निघताना म्हणाला, "चाव्या तुझ्याकडेच द्यायच्या होत्या. इंजिन, दोऱ्या, माणसं, सगळं तुला येतं. चाव्या तुला, नाणं त्याला. एप्रिलपासून हेच ठरलेलं आहे. आता ह्या टेपनंतर मार्चपर्यंत बघेन मी, आणि मग ठरवेन."

मी म्हटलं, बघ. पहिल्यांदाच मला राग आला नाही.

२ फेब्रुवारी

धाकटीच्या डाव्या पंखाभोवती आम्ही कापडाचा तंबू ठोकलाय. आत हीटर. एवढ्या थंडीत रेझिन धरत नाही, आणि एकदम गरमही करायचं नाही, सावकाश, दर तासाला थोडं. आधी दहा दिवस फोम वाळवला, खराब भाग काढला, नवा बसवला. आता थर चढतायत. कापड मी कापतो, तो भिजवतो आणि बसवतो. बोटं काय चालतात त्याची! बुडबुडा म्हणून राहू देत नाही.

मत्सर गेला का? नाही. आज दादा आला, खुर्ची टाकून बसला, आणि आधी होडीवाल्याच्या हाताकडे बघितलं, माझ्या नाही. पोटात दुखलंच. पण आता दुखतं तिथेच राहतं, वर चढत नाही.

ताडपत्री जाळून टाकली. तिसरी पांढरी खोळ त्याने शिवायला घेतलीये. दोऱ्याची रिळं मी धरतो.

१३ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. यंत्र मिळेल, इंजिनाचा आवाज आणि माणसाचं बोलणं जास्त नीट ऐकू येईल. बारीक आवाज गेले ते गेले. नाणं ऐकू येईल का विचारलं. डॉक्टरला आधी नाण्याचं समजावून सांगावं लागलं. मग त्याने मान हलवली.

२० फेब्रुवारी

शुक्रवार. धाकटी तंबूतून बाहेर आली. उडायच्या आधी शेवटचं ठोकून बघायचं होतं. होडीवाल्याने खिशातून चमचा काढला.

मी म्हटलं, "थांबा." आणि शर्टाच्या खिशातून नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. तीन महिने खिशात होतं, गरम झालं होतं. तो नाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता विचारेल. त्याने विचारलं नाही. नाणं उलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "चमच्याला ह्याची सर नाही."

"नाही ना," मी म्हटलं.

त्याने ठोकलं, मी पंखावर हात सपाट ठेवून खडूने पुढची जागा दाखवत गेलो. टोकापासून मुळापर्यंत, बोटाबोटाच्या अंतराने. दर ठोक्याला तो माझ्याकडे बघून मान हलवत होता. एकदाही हलवायचा विसरला नाही. नवीन भागाशी आलो तेव्हा दोनदा ठोकून घेतलं, मग तिसऱ्यांदा, आणि मग हसला. दादा खुर्चीतून म्हणाला, "टण." मोठ्याने, मला ऐकू जाईल असं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं: डावा पंख, उजवा पंख, शेपूट. ऐकलं होडीवाल्याने, मला ऐकू येत नाही. खडू मी धरला. खाली आम्हा दोघांच्या सह्या. मग रजिस्टर दादापुढे नेऊन ठेवलं.

त्याने वाचलं. पेन्सिल कानावर होतीच, हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत कानावर खोचली. आमच्या सह्यांच्या खालचा कोपरा त्याने तसाच कोरा सोडला.